मधल्या लंडनने अडवलेला युरोप प्रवास
कापसाचा हंगाम आटोपल्यावर मे महिन्यात आम्ही पती-पत्नी 24 दिवस युरोप पाहणार होतो आणि मृगाच्या पेरणीपूर्वी दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी परतणे भाग होते. ओसरीवर कॅलेंडर पसरून मी पॅरिस, लंडन, अ‍ॅमस्टरडॅम, रोम असा क्रम पेन्सिलीने लिहिला. अडचण अशी निघाली की ब्रिटन शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात नाही. त्याचा व्हिसा वेगळा काढावा लागतोच, शिवाय हाती एकाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा असेल, तर पॅरिसहून लंडनला गेल्यावर पुन्हा अ‍ॅमस्टरडॅमला जाता येत नाही. मी लंडन खोडून सर्वांत आधी घेतले आणि गुंता तिथेच सुटला.

मुक्काम जिथे सर्वाधिक, त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. दिवस सारखे असतील, तर पहिला प्रवेश जिथे, त्या देशाकडे. आमच्या नऊ रात्री इटलीत होत्या. किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा घेतला. शेतीच्या उत्पन्नासाठी सातबारा आणि कापूस विक्रीच्या पावत्या इंग्रजी भाषांतरासह जोडल्या. एका पावतीवरचा शिक्का फिकट झाला होता, तो व्यापाऱ्याकडून पुन्हा मारून घेतला. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज देता येतो. मी फेब्रुवारीतच दिला आणि ती घाई मला आजही योग्य वाटते.