जपानमधल्या हामामात्सूत राहायला येताय? आधी या गावाची ओळख करून घ्या

मला इथे चौदा वर्षं झाली. दर एप्रिलला पुण्याकडची चार-दोन नवी मंडळी येतात, बहुतेक गाड्यांच्या किंवा सुट्या भागांच्या कारखान्यांत. सगळ्यांचे पहिले प्रश्न तेच: डाळ कुठे मिळते, पनीर कुठे मिळतं? सगळं मिळतं, काळजी करू नका. कचऱ्याचं वेळापत्रक घरमालक देईल, ते भिंतीला चिकटवा. हिवाळ्यात बर्फ जवळजवळ पडत नाही, पण कोरडा पश्चिमी वारा हाडं गोठवतो. वारा अडवणारं जाकीट घ्या. शाकाहारी असाल तर भाजीच्या रश्शातही माशाचा अर्क असतो, हे धरूनच चाला.

मला सांगायचंय ते वेगळंच. सर्वांत वेगवान 'नोझोमी' ही बुलेट ट्रेन इथे थांबत नाही, म्हणून आपली माणसं या जवळपास आठ लाख वस्तीच्या शहराला खेडं समजतात. शुक्रवारी संध्याकाळी तोक्यो गाठायचं, सोमवारी परत कामावर. अशी पाच-पाच वर्षं काढून गेलेली माणसं मी पाहिली आहेत. शेजाऱ्याचं नावही त्यांना ठाऊक नव्हतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण भारतात ज्या मारुतीतून आपण लहानाचे मोठे झालो, तिचं मूळ याच मातीत आहे.

हा एन्शू प्रांत कापसाचा आणि मागांचा. मी इचलकरंजीचा, वडिलांचे चार यंत्रमाग होते, त्यामुळे मला हे लगेच भिडलं. मिचिओ सुझुकी कापूस पिकवणाऱ्या घरातला, सुतारकाम शिकलेला. 1909 साली त्याने इथे माग बनवायचा कारखाना काढला. पण चांगला माग एकदा घेतला की वर्षानुवर्षं टिकतो, गिऱ्हाईक लवकर परत येत नाही. युद्धानंतर कापडधंदा बसला आणि 1952 मध्ये कंपनीने सायकलला जोडायचं इंजिन आणलं. 1955 मध्ये छोटी मोटार, आणि 1983 च्या डिसेंबरात आपल्याकडे मारुती 800.

सोइचिरो होंडाही इथलाच. तेनऱ्यूकडच्या एका खेड्यात 1906 साली जन्मलेला लोहाराचा मुलगा. युद्धात हामामात्सू बेचिराख झालं होतं. 1946 मध्ये त्याने लष्कराच्या बिनतारी यंत्रांची उरलेली छोटी इंजिनं सायकलींना बसवून विकायला सुरुवात केली.

आणि यामाहा. तोराकुसू यामाहा इथला नव्हे, कीशूहून आलेला, तुमच्या-माझ्यासारखा परगावचा. वैद्यकीय उपकरणं दुरुस्त करायचा. 1887 मध्ये इथल्या प्राथमिक शाळेतली परदेशी पायपेटी बिघडली, ती त्याच्याकडे आली. आतली रचना बघून त्याने स्वतःच एक पेटी बनवली आणि एका साथीदाराबरोबर, खांद्यावर वाहत, हाकोनेचा घाट ओलांडून तोक्योच्या संगीतशाळेत नेली. अंतर सुमारे 250 किलोमीटर. तिथे सांगितलं गेलं की स्वर जुळलेले नाहीत. तो तिथेच राहिला, स्वरशास्त्र शिकला, परत येऊन दुसरी पेटी केली, आणि ती जमली. आज जपानी पियानो म्हटलं की यामाहा आणि कावाई, दोन्ही याच गावचे. स्टेशनजवळच्या वाद्यसंग्रहालयात एक अख्खा दिवस घालवा. आपली सतार आणि तबलाही तिथे भेटतात.

1926 मध्ये केंजिरो ताकायानागी याने इथल्याच तंत्रविद्यालयात चित्रनळीवर 'इ' हे जपानी अक्षर उमटवून दाखवलं. टीव्हीच्या इतिहासातला तो मोठा टप्पा. इथल्या बोलीत एक शब्द आहे, 'यारामाइका'. म्हणजे, चला, करून तर बघू. शब्द पाठ करा, कारखान्यात रोज कानावर येईल.

आता माझी चूक. ही नीट वाचा.

आमची थोरली जानेवारीत जन्मली. मार्चमध्ये शेजारचे आजोबा दारात आले, हातात आकडे लिहिलेला कागद. "हात्सुदाको, हात्सुदाको" म्हणत होते. मला शब्द कळला नाही, आकडे तेवढे दिसले. आपल्यातल्याच एका सीनियरने बजावलं होतं, दारावर वर्गणी मागायला कोणी आलं तर सरळ नको म्हण. मी "केक्को देसू", म्हणजे 'नको', म्हटलं आणि दार लावलं. आजोबा वाकून नमस्कार करून गेले.

मे महिन्याच्या 3 ते 5 तारखेला इथला मोठा उत्सव असतो. तो कुठल्या देवळाचा नाही, आळीआळीचा आहे. दिवसा नाकाताजिमाच्या वाळूच्या टेकड्यांवर पतंग. एकेक माणसापेक्षा मोठा, दोर तागाचा, आणि दोराला दोर घासून काटाकाटी होते. जवळ उभं राहिलं की जळका वास येतो. रात्री कोरीवकाम केलेले, कंदिलांनी उजळलेले रथ निघतात, आत लहान मुलं बासरी-ढोल वाजवतात. ज्या घरात पहिलं मूल जन्मलं असेल, त्याच्या नावाचा पतंग आळी उडवते. तोच हात्सुदाको. रात्री सगळी आळी कंदील आणि बिगुल घेऊन त्या घरापुढे येते, बाळासाठी गजर करते, आणि घरचे सगळ्यांना खाऊपिऊ घालतात. आजोबांच्या कागदावर त्या पतंगाचा खर्च होता.

ते सगळं आम्ही खिडकीतून पाहिलं, तीन घरं पलीकडे. थोरली हिच्या मांडीवर होती. पतंग पहिल्या मुलाचाच, त्यामुळे ती वेळ आम्हाला पुन्हा येणार नव्हती. जपानी माणूस एकदा 'नको' ऐकलं की परत विचारत नाही. तो रागावलेला नसतो, तुम्हाला त्रास नको म्हणून थांबतो. म्हणून हात जोडून सांगतो, दारात आलेल्याला न समजता 'नको' म्हणू नका. कागद ठेवून घ्या, ऑफिसात दाखवा, मग उत्तर द्या.

आजोबांशी पुढे तीन वर्षं फक्त "कोन्निचिवा" चालू होतं. एकदा बोलता बोलता वडिलांच्या मागांचा विषय निघाला. आजोबा काही न बोलता आत गेले आणि जुना लाकडी धोटा, मागावर आडवा धागा नेणारा, घेऊन आले. कडा झिजून गुळगुळीत, टोकाची धातूची टोपी काळवंडलेली. तरुणपणी ते इथल्या मागांवर होते. मी धोटा हातात धरला तो बरोबर धरला, हे त्यांनी पाहिलं. पुढच्या मेमध्ये उत्सवात घालायचा, आळीच्या खुणेचा अंगरखा त्यांनी स्वतः आणून दिला.

दोन गोष्टी राहिल्या. भारतातून आणलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना इथे जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. सुट्टीत घरी जाऊन नवा काढला, तरी तीन महिन्यांच्या आत परत आलात तर नवं वर्ष सुरू होत नाही, आणि तशी गाडी चालवणं म्हणजे विनापरवाना. पहिल्या सहा महिन्यांतच जपानी परवान्याच्या मागे लागा.

दुसरं, इथल्या ब्राझिली लोकांशी ओळख करा. 1990 मध्ये कायदा बदलल्यावर जपानी वंशाची ही कुटुंबं कारखान्यांत आली. 2008 च्या मंदीत अनेकांचं काम गेलं, तरी बरीच टिकून राहिली. आपले काही इंजिनिअर त्यांना मजूर म्हणून खालच्या नजरेने बघतात, ते मला मुळीच पटत नाही. मुलांच्या शाळेचे कागद कसे भरायचे, हे मला एका ब्राझिली आईने शिकवलं.

घरात पहिलं बाळ येणार असेल तर आळीच्या मंडळाला लवकर कळवा. पतंग हाताने बनतो, एप्रिल उजाडल्यावर सांगून उपयोग नाही. आणि बाळाचं नाव कागदावर जपानी लिपीत नीट लिहून द्या, म्हणजे पतंगावर बरोबर उतरेल.