सायबर सुरक्षेतील पहिली नोकरी : लॉग वाचण्याचे काम

सायबर सुरक्षेत करिअर करू इच्छिणारे विद्यार्थी भेटले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘एथिकल हॅकिंगचा कोणता कोर्स करू?’ या क्षेत्रात शिरलेला माणूस पहिल्या दिवसापासून कोणाची तरी यंत्रणा फोडून दाखवत असतो, अशी समजूत त्या प्रश्नामागे असते. प्रत्यक्षात पुण्यामुंबईकडे फ्रेशरला मिळणारे काम बहुतेक वेळा पहाऱ्याचे असते. ‘सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटर’, म्हणजे आमच्या बोलण्यातले ‘सॉक’, चोवीस तास तीन पाळ्यांत चालते. शेकडो सर्व्हर, फायरवॉल (नेटवर्कची ये-जा तपासणारी यंत्रणा) आणि लॅपटॉप यांच्या नोंदी, म्हणजेच लॉग, तिथे एका सॉफ्टवेअरमध्ये गोळा होतात, त्यांतून अलर्ट उठतात आणि प्रत्येक अलर्ट खरा की खोटा हे प्रथम ठरवायचे काम लेव्हल वनच्या, म्हणजे पहिल्या पायरीवरच्या विश्लेषकाकडे येते. माझी सुरुवात पुण्यात अशाच केंद्रातून झाली. पुढे नवोदितांच्या मुलाखती घेण्याचे कामही माझ्याकडे आले, त्यामुळे दोन्ही बाजूंनी जे दिसले ते येथे मांडतो.

एक नेहमीचे उदाहरण सविस्तर सांगतो. रात्रपाळीत पडद्यावर अलर्ट येतो : एका सर्व्हरवर थोड्याच वेळात दोनशे अयशस्वी लॉगिन. विंडोजमध्ये अयशस्वी लॉगिनची नोंद ४६२५ या क्रमांकाने, तर यशस्वी लॉगिनची ४६२४ या क्रमांकाने होते. नवखा विश्लेषक लगेच ‘ब्रूट फोर्स’ (एकामागून एक पासवर्ड लावून पाहण्याचा हल्ला) असे लिहून तिकीट, म्हणजे त्या अलर्टची तक्रार-नोंद, वरच्या लेव्हल टूकडे ढकलतो. मुरलेला माणूस आधी युजरचे नाव आणि प्रयत्न कोठून झाले ते पाहतो. सगळे प्रयत्न एकाच सर्व्हिस अकाउंटचे (माणसाऐवजी एखादा प्रोग्राम वापरतो त्या खात्याचे), ओळखीच्या अंतर्गत मशीनवरून आणि ठरावीक अंतराने होत असतील, तर बहुधा दिवसा कोणीतरी त्या अकाउंटचा पासवर्ड बदललेला असतो आणि ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या एखाद्या शेड्यूल्ड टास्कमध्ये जुनाच राहून गेलेला असतो. याउलट एकाच अनोळखी आयपीवरून (नेटवर्कवरील पत्त्यावरून) शंभर वेगवेगळ्या नावांनी प्रत्येकी एक-दोनच प्रयत्न झालेले दिसले, तर अकाउंट लॉक होणार नाही याची काळजी घेत कोणीतरी सर्रास वापरले जाणारे पासवर्ड लावून पाहत आहे, असे समजावे. त्यानंतर त्याच आयपीवरून एक जरी ४६२४ दिसला, तर झोपलेल्या टीम लीडला उठवायला संकोच करू नये. त्या नोंदीत लॉगॉन टाइप १० असेल, तर तो माणूस रिमोट डेस्कटॉपने थेट आत येऊन बसला आहे.

यात आणखी एक बारीक गोष्ट आहे. फायरवॉलच्या नोंदी अनेकदा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात आणि सर्व्हरच्या भारतीय वेळेत. साडेपाच तासांचा हा फरक लक्षात घेतला नाही, तर चोर आधी बाहेर पडला आणि नंतर आत आला असा घटनाक्रम अहवालात तयार होतो. मुलाखतीत मी हा प्रश्न हमखास विचारतो, आणि चार-पाच प्रमाणपत्रे जोडलेले उमेदवारही त्यावर अडतात.

या कामाला मागणी आहे, ती केवळ हल्ले वाढले म्हणून नव्हे, तर नियमांमुळेही. रिझर्व्ह बँकेने जून २०१६ मध्ये बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट घालून दिली आणि अखंड देखरेखीची व्यवस्था उभारायला सांगितले. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात आणि लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. आता ६ तासांत कळवायचे, तर मध्यरात्रीही कोणीतरी जागे असले पाहिजे; फ्रेशरची भरती होते ती याच जागांवर. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने सुरक्षेतील कसुरीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद केल्यापासून हा विषय संचालक मंडळाच्या बैठकीतही पोहोचला आहे.

पुणेकरांना तर दूरचे उदाहरण शोधण्याची गरज नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेवर झालेल्या हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले. ११ ऑगस्टला, म्हणजे शनिवारी, बनावट कार्डांनी २८ देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले आणि १३ ऑगस्टला बँकांमधील आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या स्विफ्ट प्रणालीतून हाँगकाँगमधील खात्यात रक्कम वळवण्यात आली. एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या स्विचच्या जागी हल्लेखोरांनी आपला पर्यायी स्विच उभा केला होता, त्यामुळे पैसे काढण्याची विनंती बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत न पोहोचताच मंजूर होत गेली. खात्यात शिल्लक आहे का, हे विचारणारेच कोणी उरले नव्हते. हा हल्ला नीट समजून घेतला, तर एटीएमपासून कोअर बँकिंगपर्यंत, म्हणजे खात्यांचा हिशेब ठेवणाऱ्या मूळ प्रणालीपर्यंत, संदेश कसा जातो हे आपोआप शिकायला मिळते, आणि बँकांचे काम करणाऱ्या कंपन्या मुलाखतीत नेमके तेच तपासतात.

तयारीचे म्हणाल, तर नेटवर्किंगला पर्याय नाही. ब्राउझरमध्ये पत्ता टाकून एंटर दाबल्यावर डीएनएस (नावावरून पत्ता शोधणे), टीसीपी (जोडणी करणे) आणि टीएलएस (माहिती सांकेतिक करणे) यांच्या पातळीवर काय काय घडते, हे जो कागदावर काढून दाखवू शकतो, तो निम्मी मुलाखत जिंकतो. त्याच्या जोडीला लिनक्सची कमांड लाइन, कंपनीतील युजर आणि मशीन यांचा कारभार पाहणाऱ्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीची ओळख आणि हजार ओळींच्या फाइलमधून हव्या त्या ओळी काढण्यापुरते पायथन पुरेसे आहे. घरच्या लॅपटॉपला १६ जीबी रॅम असेल, तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एकाच लॅपटॉपवर अनेक आभासी संगणक चालवणारे सॉफ्टवेअर) एक विंडोज, एक लिनक्स आणि वाझू हे मोफत मॉनिटरिंग सॉफ्टवेअर बसवावे, स्वतःच चुकीचे पासवर्ड टाकून अलर्ट उठवावेत आणि प्रत्येकावर दहा ओळींचा इंग्रजी अहवाल लिहावा. अहवालाचा मी मुद्दाम आग्रह धरतो. मराठी माध्यमातून आलेली हुशार मुले तांत्रिक भागात कमी पडत नाहीत, मात्र ‘काय दिसले, त्यावरून काय वाटते, पुढे काय करावे’ हे ग्राहकाला लेखी कळवताना अडखळतात. सरावाने ही अडचण काही महिन्यांत दूर होते.

कोर्सच्या बाबतीत माझे मत थोडे कडक आहे. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ असा फलक लावणाऱ्या क्लासला लाखभर रुपये भरण्यापेक्षा सी-डॅक या सरकारी संस्थेच्या सी-कॅट प्रवेश परीक्षेतून मिळणारा आयटी पायाभूत सुविधा, प्रणाली आणि सुरक्षा या विषयाचा पूर्णवेळ अभ्यासक्रम मला अधिक भरवशाचा वाटतो. प्रमाणपत्र हवेच असेल, तर सुरुवातीला सिक्युरिटी प्लस हे पायाभूत प्रमाणपत्र पुरते. ओएससीपी या वरच्या प्रमाणपत्राची परीक्षा जवळजवळ चोवीस तास चालणारी आणि प्रात्यक्षिकाची असते; ज्यांना खरोखर पेनिट्रेशन टेस्टिंगमध्ये, म्हणजे परवानगीने यंत्रणा फोडून पाहण्याच्या कामात जायचे आहे, त्यांनीच तिच्यामागे लागावे. सीआयएसएसपी या अनुभवी लोकांच्या प्रमाणपत्राला पाच वर्षांचा अनुभव लागतो, म्हणून फ्रेशरने तूर्त तिचा विचार सोडून द्यावा.

कोडिंगची फारशी आवड नसलेल्यांसाठी ऑडिट आणि कम्प्लायन्स (नियम पाळले जातात का ते पाहणे) ही मोठी शाखा आहे. माहिती सुरक्षेच्या आयएसओ २७००१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे कंपनीची तपासणी करणे किंवा सर्ट-इनच्या यादीवरील ऑडिट संस्थांमध्ये काम करणे, यात वाणिज्य शाखेचे पदवीधरही चांगले रुळलेले मी पाहिले आहेत. डेव्हलपर असणाऱ्यांनी वेब अ‍ॅप्लिकेशनच्या सुरक्षेकडे वळावे. पोर्टस्विगर या कंपनीचे ऑनलाइन प्रशिक्षण त्यासाठी विनामूल्य उपलब्ध आहे.

सरावाच्या उत्साहात कॉलेजच्या किंवा महापालिकेच्या संकेतस्थळावर मात्र त्रुटी शोधणारा स्कॅनर चालवू नये. विनापरवानगी शिरकाव हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा आहे आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. एखादी त्रुटी सहज नजरेस आलीच, तर ती सर्ट-इनला कळवण्याची अधिकृत सोय आहे.

ऑफर हातात आल्यावर आकड्याआधी तीन गोष्टी वाचाव्यात : बाँड (नोकरी न सोडण्याची अट) किती काळाचा आहे, रात्रपाळीचा भत्ता आणि कॅब मिळते का, आणि आपण कंपनीच्या पगारपत्रकावर आहोत की मधल्या कंत्राटदाराच्या. लेव्हल वनचे साचेबद्ध काम ऑटोमेशनकडे जात आहे, हे मी स्वतः रोज पाहतो. त्यामुळे अलर्ट बंद करण्याची संख्या वाढवत बसण्यापेक्षा, वारंवार येणाऱ्या खोट्या अलर्टचा नियम आपणच सुधारून लीडसमोर ठेवावा. दीड-दोन वर्षांत क्लाउड, इन्सिडेंट रिस्पॉन्स (हल्ला झाल्यावर तो आवरणे) किंवा डिटेक्शन इंजिनिअरिंगच्या (अलर्टचे नियम तयार करण्याच्या) टीममध्ये बदली मागायची झाली, तर अप्रेझलच्या वेळी दाखवायला हेच काम हाताशी असते.