‘ब्रोच’ कधी वापरायचं, ‘ब्रिंग अप’ कधी?

अवघड, नाजूक विषय पहिल्यांदा काढायचा असेल, तर इंग्रजीत ‘ब्रोच’ हे क्रियापद नेमकं बसतं. समजा, शिरोलीच्या फाउंड्रीत साहेबांकडे पगारवाढीचं बोलायचंय: ‘आय वॉन्ट टू ब्रोच द सब्जेक्ट ऑफ माय सॅलरी विथ हिम.’ विषय थेट क्रियापदाला जोडायचा, माणसाआधी ‘विथ’. आपल्याकडे हमखास चुकतं ते इथंच. मराठीतला ‘विषयी’ डोक्यात असतो, म्हणून ‘ब्रोच अबाउट’ लिहिलं जातं.

मूळ अर्थ पिंपाला भोक पाडून दारू काढणं. म्हणूनच यात विषयाला तोंड फोडण्याची छटा आहे. आधीच चर्चेत असलेल्या गोष्टीला तो शब्द शोभत नाही.

रोजच्या बोलण्यात ‘ब्रिंग अप’ बरं. सर्वनाम मात्र मध्ये घाला: ‘ब्रिंग इट अप’. मुलं वाढवणं हाही त्याचाच अर्थ, पण तो संदर्भावरून कळतो. मीटिंगमध्ये हरकत, प्रश्न मांडताना ‘रेज’. ओझरता उल्लेख असेल तर ‘मेन्शन’. त्यालाही ‘अबाउट’ लावू नका.

साडीला लावायच्या ब्रोचचा उच्चार हाच, पण त्यात दोन ‘ओ’ असतात. क्रियापदात ‘ओ’नंतर ‘ए’ येतो.