एमपीयू-६०५० नागपूरच्या उन्हात वापरायचाय? मग कॅलिब्रेशन असं करा

मेकॅनिकलची बरीच पोरं बर्डीच्या बाजारातून एमपीयू-६०५० (तिरपेपणा आणि फिरणं मोजणारी सेन्सर चिप) चं मॉड्यूल आणतात, अर्डुइनोला (छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डाला) जोडतात अन् स्क्रीनवर येईल तो आकडा रिपोर्टमध्ये लिहून मोकळी होतात. असं करू नका राजेहो, आधी कॅलिब्रेशन करा, म्हणजे सेन्सरची चूक मोजून ती आकड्यातून काढून टाका. मी मे महिन्यात सकाळी सात वाजता घरात सेन्सर झिरो केला, दुपारी गच्चीवर पाइपाला लावला तर पाइप जवळपास एक अंश तिरपा दिसायला लागला, आणि पाइप तर जागचा हललाच नव्हता, अर्धा दिवस त्यात गेला.

आत काय आहे ते आधी बघा. ४ मिलीमीटरच्या चिपमध्ये सिलिकॉनचं इवलंसं वजन बारीक स्प्रिंगांवर टांगलेलं असतं, त्याला फणीसारखे दात आणि समोर तसेच स्थिर दात, वजन सरकलं की दातांमधलं अंतर बदलतं, कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) बदलते, त्यावरून आकडा निघतो. जायरोत (चिपचा फिरणं मोजणारा भाग) तर वजनाला विजेच्या ओढीने सतत हलवत ठेवतात आणि चिप फिरली की कोरिऑलिस बलाने (फिरण्यामुळे हलत्या वस्तूवर जाणवणारं आडवं बल) ते आडवं सरकतं. म्हणजे ॲक्च्युएटर (हलवणारा भाग) पण तिथेच, सेन्सर पण तिथेच, मला हे अजूनही फार भारी वाटतं! पण तापल्यावर सिलिकॉन, पॅकेज (चिपचं आवरण), पीसीबी (चिप बसवलेली सर्किटची पट्टी) वेगवेगळे फुगतात, ताण येतो आणि शून्य सरकतं. चिपच्या डेटाशीटमध्येच (माहितीपत्रकात) ० ते ७० अंश तापमानासाठी हे सरकणं एक्स-वाय अक्षांना ३५ मिली-जी दिलंय (१ जी म्हणजे पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण, मिली-जी त्याचा हजारावा भाग), झेडला ६०. ३५ मिली-जी म्हणजे जवळजवळ २ अंशांचा तिरपेपणा.

तर मॉड्यूल काटकोनी ठोकळ्यावर स्क्रूने बसवा, जास्त आवळू नका, पीसीबी वाकला की तोही ताणच. दहा मिनिटं चालू ठेवा. रेंज २ जी ठेवली की १ जी म्हणजे १६३८४ काउंट (सेन्सरचा कच्चा आकडा). मग सहाही बाजू एकेक करून वर आणा, प्रत्येकीला ५०० रीडिंगची सरासरी. समजा झेड वर असताना १६७०० आलं आणि खाली असताना उणे १६१००, तर बेरजेचा अर्धा म्हणजे ३०० हा ऑफसेट, फरकाचा अर्धा म्हणजे १६४०० हा तुमचा खरा १ जी. टेबल थोडं तिरपं असलं तरी ऑफसेटला त्याने काही होत नाही.

हेच सकाळी करा, भर दुपारी सावलीत करा, आणि दरवेळी चिपचं स्वतःचं तापमान टिपा, कच्चा आकडा भागिले ३४० अधिक ३६.५३. तापमान स्थिर होईपर्यंत थांबा, कूलरच्या झोतात तर अजिबात ठेवू नका. ऑफसेट आणि तापमानाचा ग्राफ काढून त्याची रेघ कोडमध्ये टाका.

शेवटी ठोकळा कसाही तिरपा धरून ठेवा, प्रत्येक अक्षाच्या आकड्यातून त्याचा ऑफसेट वजा करा, त्याच्या खऱ्या १ जी ने भागा, मग तिन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा. १ च्या आसपास आलं नाही तर कुठल्यातरी बाजूचं रीडिंग चुकलंय, ती बाजू परत घ्या.