खुंटीवरचा ताणकाटा

कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी लिंबाच्या फांदीला स्प्रिंगचा काटा टांगायचा, गाठोडं अडकवायचं आणि किलोप्रमाणे मजुरी लिहायची. एका हंगामात आमच्या काट्याची सुई रिकामी असतानाच अर्ध्या किलोवर उभी राहायला लागली. फायदा वेचणाऱ्या बायांचा, म्हणून आठवडाभर कुणी बोललं नाही. कुणीतरी त्याला सोयाबीनचा कट्टा, म्हणजे भरलेलं पोतं, लटकवून पाहिला होता. झेपेल त्याहून जास्त ताणलेली स्प्रिंग मूळ लांबीवर परत येत नाही. लवचीकतेची मर्यादा म्हणतात ती हीच.

तसाच लहान काटा लेकरांकडून घरी करून घेता येतो. हार्डवेअरच्या दुकानातून बोटाएवढी मऊ, ताणायची स्प्रिंग आणा. पेनातली चालत नाही, ती दाबायची असते. सायकलच्या ट्यूबची पट्टीही नको. रबर वजन वाढवताना एक लांबी दाखवतं, उतरवताना दुसरी.

स्प्रिंग भिंतीतल्या खुंटीला अडकवा, मागे कोरा कागद चिकटवा. एक लिटरच्या बाटलीचा गळा कापा, काठाला दोन भोकं पाडून सुतळी ओवा आणि हे पारडं स्प्रिंगच्या खालच्या टोकाला बांधा. तिथेच खराट्याची काडी आडवी बांधली की सुई झाली.

आता खरी मेख. नव्या स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना घट्ट चिकटलेली असतात आणि सुरुवातीचं थोडं वजन ती नुसतीच गिळतात. म्हणून वेटोळ्यांत जरा फट दिसेपर्यंत पारड्यात खडे टाका. ते खडे आता कायमचे तिथेच. सुई जिथे थांबेल तिथे शून्य लिहा.

लग्नात वाटतात तसल्या २०० मिलीच्या सीलबंद पाण्याच्या तीन बाटल्या घ्या. एकेक पारड्यात रिकामी करा आणि दर वेळी सुई स्थिरावली की खूण करा: २००, ४००, ६०० ग्रॅम. (एक मिली पाणी म्हणजे जवळपास एक ग्रॅम.) तिन्ही अंतरं पट्टीने मोजा. सारखी आली तर रॉबर्ट हूकने १६७८ साली छापलेला नियम तुमच्या भिंतीवर उतरला: जेवढं बल, तेवढ्या प्रमाणात ताण. मग मधल्या खुणांना पाणी लागत नाही. अंतर निम्मं केलं की १०० आणि ३०० मिळतात. अंतरं कमीजास्त आली तर आधी फट तपासा, नाहीतर स्प्रिंग बदला.

खुणांच्या दुसऱ्या बाजूला न्यूटन, म्हणजे बलाचं एकक, लिहा. १०० ग्रॅमला ०.९८, म्हणजे जवळजवळ एक न्यूटन. काटा खरं तर हेच मोजतो. ग्रॅम हे वस्तुमान, ते कुठेही नेलं तरी तेच; स्प्रिंगला कळते ती फक्त पृथ्वीची ओढ. परभणीत गुरुत्वत्वरण (या ओढीचा जोर सांगणारा आकडा) सुमारे ९.७८ मीटर प्रति सेकंद वर्ग, ध्रुवावर ९.८३. परभणीत खुणा केलेल्या काट्यावर इथलं एक किलो ध्रुवावर पाचेक ग्रॅम जास्त भरेल. चंद्रावर सुई आधी शून्यावर आणून ६०० ग्रॅम बटाटे टांगले तर सुई १०० च्या आसपास थांबेल, पण दोन पारड्यांचा तराजू तिथेही ६०० च सांगेल, कारण वजनाचे मापही तेवढेच हलके झालेले असते.

पाणी काढा, पारडं पुसा, बटाटे टाका. दर वेळी आधी सुई शून्यावर आहे का ते बघा. आमच्या काट्याला आता फक्त गाठोडी लागतात. कट्टे मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारातच मोजतो.