जुनी डिझेल एसयूव्ही घेताय? बोनेट गरम असेल तर परत फिरा

सेकंडहँड डिझेल एसयूव्ही बघायला गेलं की बहुतेकांची नजर बॉडीवर फिरते. दार ठोकलंय का, रंगाची शेड जुळते का, सीट कव्हरं कशी आहेत. हे बघाच, पण पत्र्याचं काम आटोक्यातल्या पैशांत होतं. इंजेक्टर (डिझेल फवारणारे), टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा), ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिन आणि क्लचमधली जड चकती) आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) यांतली दोन कामं एकदम निघाली, तर खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. आणि ही चारही बाहेरून दिसत नाहीत.

गरम इंजिन बघून सौदा करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मालकाला आदल्या दिवशीच सांगा की सकाळी येतो, गाडी सुरू करू नका. पोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर तपासणी दुसऱ्या दिवसावर ढकला, कारण डिझेल इंजिनाची बरीच दुखणी थंड असतानाच कळतात.

चावी ऑन करा, गुंडाळीच्या आकाराचा ग्लो प्लगचा (थंड इंजिन आतून तापवणाऱ्या प्लगचा) दिवा विझू द्या, मग स्टार्टर मारा. दोन-तीन सेकंदांत इंजिनाने धरायला हवं. धरत नसेल तर बॅटरी किंवा ग्लो प्लग कमजोर असतील, नाहीतर इंजेक्टर गळत असतील. खात्री करायची असेल तर मेकॅनिककडून रिटर्न टेस्ट करून घ्या. प्रत्येक इंजेक्टरची रिटर्न नळी, म्हणजे न वापरलेलं डिझेल परत नेणारी नळी, वेगळ्या बाटलीत सोडतात आणि इंजिन काही मिनिटं आयडलवर ठेवतात. ज्या बाटलीत इतरांपेक्षा बरंच जास्त डिझेल साठतं, तो इंजेक्टर झिजलेला.

आता धूर बघा. सुरुवातीचा थोडा पांढरा धूर चालतो. तो थांबतच नसेल आणि कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केटवर (इंजिन ब्लॉक आणि वरच्या हेडमधल्या सीलवर) संशय घ्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. चढावर काळा धूर आला तर ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) चोक झालेला असतो, टर्बोचा पाइप फाटलेला असतो किंवा इंजेक्टर जास्त डिझेल सोडत असतो.

इंजिन सुरू असतानाच ऑइलचं झाकण फिरवून तसंच सैल ठेवा. हलकंसं थरथरलं तर ठीक. झाकण उडायला लागलं आणि भसाभस वाफ आली, तर पिस्टन रिंग झिजल्यात. ही गाडी स्वस्तातही घेऊ नका.

डीपीएफचा विचार न करणं

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक लागू झालं आणि डिझेल गाड्यांत डीपीएफ आला. हा फिल्टर काजळी धरून ठेवतो आणि भरत आला की सुमारे ६०० अंश सेल्सिअसला जाळून टाकतो. त्यासाठी मोकळ्या रस्त्यावर १५-२० मिनिटं एकसलग चालणं लागतं. शाळा, भाजी, ऑफिस अशा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत ते तापमान येतच नाही. इंजिन काजळी जाळायला जादा डिझेल सोडतं, जळणं अर्धवट राहतं आणि ते डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. म्हणून डिपस्टिक काढून बघा. ऑइल वरच्या खुणेच्याही वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर गाडी आयुष्यभर सिग्नलवरच चाललेली आहे.

काहीजण चोक झालेला डीपीएफ आतून पोकळ करून घेतात. इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवा. बीएस-६ गाडीत ते जवळपास स्वच्छ निघायला हवं. काळंकुट्ट निघालं तर आत फिल्टर उरलेला नाही. ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्रावर) काजळीचं प्रमाण आणि शेवटचं रिजनरेशन, म्हणजे काजळी जाळणं, किती किलोमीटरपूर्वी झालं हेही बघून घ्या.

तुमचं फिरणं शहरातच आणि महिन्याला पाच-सहाशे किलोमीटर असेल, तर सरळ पेट्रोल घ्या. डिझेल तुमच्यासाठी नाही.

डीपीएफ नको म्हणून आधीच्या बीएस-४ गाडीकडे वळणार असाल, तर टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारा पट्टा) कधी बदलला ते विचारा. ब्रेझाच्या १.३ डिझेलला चेन आहे, डस्टरच्या १.५ डिझेलला बेल्ट. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. बदलल्याचं बिल नसेल तर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंपाचा खर्च किमतीतून वजा करा.

सीट मोजणं, बेल्ट न मोजणं

‘सेव्हन सीटर’ म्हणून घेतलेल्या गाडीत मागची बाकं आडवी, समोरासमोर असतील, तर मुलांना तिथे बसवू नका. धडकेत आडव्या बाकावर सीटबेल्टचाही नीट उपयोग होत नाही. चालकाची एअरबॅग आणि एबीएस २०१९ मध्ये सक्तीचे झाले, शेजारच्या सीटची एअरबॅग सर्व गाड्यांना २०२२ पासून. त्याआधीच्या बेस व्हेरियंटमध्ये काय आहे ते स्वतः उघडून बघा. लहान मूल असेल तर आयसोफिक्सचे (मुलाची सीट अडकवायचे) हुक सीटच्या फटीत हात घालून तपासा.

तिथेच असताना प्रत्येक सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीतल्या किंवा २०२१ च्या चिपळूणच्या पुरासारख्या पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून विकायला येतात, पण पट्ट्याच्या आतल्या वेटोळ्यात मातीची रेघ राहते. सीटचे रूळ गंजलेत का, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आहे का, तेही बघा.

किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नका. टायरवरचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. मीटर २५ हजार दाखवतोय आणि टायर गाडीपेक्षा तीन वर्षांनी नवे आहेत, तर सर्व्हिस सेंटरमधून गाडीच्या नंबरवर हिस्टरी काढून घ्या.

कागदांत मालकी बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३० तर लागतातच. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरचा कर्जाचा बोजा काढण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. दिल्लीकडची स्वस्त डिझेल असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरून किंमत काढा. आणि विमा १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही.