डबा घरचा, धान्य दुकानातले: वस्तीचे रिफिल दुकान चालवताना

शून्य कचरा दुकान काढायचे ठरले की बहुतेक गटांची पहिली चर्चा काचेच्या बरण्या आणि लाकडी फळ्या यांवर रंगते. ती चर्चा खुशाल पुढे ढकलावी. रिफिल दुकान, म्हणजे घरून आणलेल्या डब्यात सुटा माल भरून देणारे दुकान, हे आधी वाणसामानाचे दुकान असते. तांदळात टोके निघाले किंवा वजनात खोट आढळली, तर शेजारीण केवळ प्लास्टिक वाचावे म्हणून दुसऱ्यांदा डबे घेऊन येत नाही.

गाळा भाड्याने घेण्यापूर्वी तीन महिने दुकानाशिवाय काम करून पाहावे. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून रुळवलेली पद्धत येथे उपयोगी पडते: कुटुंबांचे लहान संघ करायचे, महिन्याची मागणी आधी नोंदवायची, माल घाऊक आणायचा आणि तो सदस्यांनीच वाटून घ्यायचा. सोसायटीचे सभागृह यासाठी पुरते, मात्र तेथे नियमित विक्री होणार असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव करून घ्यावा, नाहीतर पहिल्याच तक्रारीला सगळे काम थांबते. या तीन महिन्यांत कोणती डाळ किती खपते आणि खरोखर किती घरे डबे घेऊन येतात, हे कोणत्याही सर्वेक्षणापेक्षा स्पष्टपणे कळते; सर्वेक्षणात सगळेच ‘हो’ म्हणतात.

कोणत्या वस्तू ठेवाव्यात, हे वस्तीतल्या कचरावेचक ताईंना विचारून ठरवावे. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःचीच सहकारी संस्था आहे. इतरत्र दारावर येणाऱ्या ताईंशी बोलावे. दुधाच्या पिशवीला किंवा जाड बाटलीला भंगारात भाव मिळतो, पण चकचकीत बहुस्तरीय वेष्टनाला कोणी विचारत नाही. म्हणून फरसाण, धुण्याची पावडर, भांड्यांचा साबण अशा वस्तूंचे वेष्टन आधी टाळावे. सुरुवातीला पंचवीस-तीस वस्तू पुरेत. शंभर बरण्या मांडल्या की त्यांतल्या साठ महिनोन् महिने तशाच पडून राहतात.

सुटे विकण्याला कायद्याच्या मर्यादा आहेत आणि त्या उत्साहाच्या भरात विसरल्या जातात. अन्न सुरक्षेच्या नियमांनुसार खाद्यतेल आणि दळलेले मसाले सुटे विकता येत नाहीत. त्यामुळे मिरे, धने, जिरे अख्खे ठेवावेत, आणि तेलासाठी परवानाधारक घाणेवाल्याकडून लेबल लावलेल्या मोहोरबंद काचेच्या बाटल्या घ्याव्यात व अनामत ठेवून रिकाम्या बाटल्या त्याच्याकडे परत पाठवाव्यात. शाम्पूला सौंदर्यप्रसाधनांचा कायदा लागू होतो. तो घरी बनवून पिंपातून विकण्याचा मोह आवरावा. अन्न सुरक्षा नोंदणी दुकान लहान असले तरी लागतेच. जमेची बाजू अशी की १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबलबंद पाकिटातील धान्य-डाळींवर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला, तर सुट्या धान्यावर तो नाही. पाकिटातल्या मालाशी स्पर्धा करताना हा फरक हाताशी राहतो.

आता दुकानाचा प्राण, म्हणजे काटा. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन निरीक्षकाकडून, म्हणजे वजनमापे तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडून, दर वर्षी पडताळणी आणि मुद्रांकन करून घ्यावे लागते. त्याहून नाजूक गोष्ट धड्याची, म्हणजे रिकाम्या डब्याचे वजन वजा करण्याची. प्रत्येक ग्राहकाचा डबा वेगळा असतो, आणि स्टीलचा डबा कधी कधी आतल्या डाळीहून जड भरतो. ग्राहकासमोर रिकामा डबा काट्यावर ठेवून त्याचे वजन वजा करावे, ते डब्याच्या तळाशी पक्क्या शाईने लिहावे आणि ते झाकणासह आहे की झाकणाविना, हेही लिहावे. पुढच्या खेपेस झाकण बदललेले असले तर धडा नव्याने करावा. काट्याचा पडदा ग्राहकाला दिसेल असा फिरवून ठेवावा. तेवढ्याने निम्मे वाद संपतात. द्रव वस्तूंचे दर किलोवर ठेवायचे की लिटरवर, हे एकदाच ठरवून फलकावर लिहावे, कारण लिटरभर साबण बरोबर किलोभर भरत नाही.

ओलसर डबा कधीही भरू नये. नम्रपणे, पण ठामपणे नकार द्यावा आणि त्याऐवजी दुकानातली बरणी द्यावी. यासाठी लोकांनी दिलेल्या काचेच्या बरण्या गरम पाण्याने धुऊन, कडक वाळवून हाताशी ठेवाव्यात. भरलेल्या प्रत्येक डब्याबरोबर वस्तूचे नाव, खेप आणि वापरण्याची मुदत लिहिलेली कागदी चिठ्ठी द्यावी. शेंगदाण्याचा डाव वेगळा असावा, कारण काहींना त्याची ॲलर्जी असते.

पावसाळा या दुकानाची खरी परीक्षा घेतो. जून ते सप्टेंबर माल पंधरा दिवसांपुरताच आणावा, पोती भिंतीपासून दूर फळ्यांवर ठेवावीत आणि नवा माल जुन्यावर कधीही ओतू नये. पिंप पूर्ण रिकामे करून, पुसून, वाळवून मगच भरावे. डाळीला एरंडेल चोळलेले असेल तर ते ग्राहकाला सांगावे. पाऱ्याच्या गोळ्या दुकानात आणूच नयेत.

हिशेबाचे एक उदाहरण घेऊ. भाडे ८,०००, पगार १२,००० आणि वीज-वाहतूक ४,००० धरल्यास महिन्याचा खर्च २४,००० रुपये होतो. सरासरी नफा १२ टक्के आणि सांडलवंड, कीड, तोलातली घट २ टक्के धरली, तर हातात १० टक्के उरतात, म्हणजे २,४०,००० रुपयांची विक्री हवी. एक घर महिन्याला २,००० रुपयांची खरेदी करत असेल, तर १२० घरे नियमित यावी लागतील. हा आकडा पाहून अनेक गट दुकान रोज उघडण्याऐवजी आठवड्यातून तीन दिवस उघडणे पसंत करतील, आणि माझ्या मते तेच शहाणपणाचे आहे. उधारी मात्र अजिबात नको. ओळखीच्या माणसाकडे वसुली करताना ओळखही जाते आणि पैसाही. त्याऐवजी महिन्याची रक्कम आगाऊ घेऊन खात्यातून वजा करत जावे.

संस्थेचे रूप कामाच्या आकारानुसार निवडावे. दहा ते वीस जणींचा बचत गट सुरुवातीला पुरेसा आहे. सहकारी संस्थेला महाराष्ट्राच्या १९६० च्या कायद्यानुसार वेगवेगळ्या कुटुंबांतील किमान दहा सदस्य लागतात, आणि कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली नोंदणी केल्यास नफा सभासदांत वाटता येत नाही. कोणतेही रूप घेतले तरी शिल्लक कशावर खर्च करायची, हे पहिल्याच सभेच्या इतिवृत्तात लिहून ठेवावे. पैसे जमल्यावर हा विषय काढला की भांडण ठरलेले.

शेवटी मागच्या दाराकडे लक्ष द्यावे. ग्राहकाच्या हातात प्लास्टिक नसले तरी माल प्लास्टिकच्या आवरणातून आला असेल, तर कचरा फक्त जागा बदलतो. पुरवठादाराशी पोती आणि पिंपे परत घेण्याचा करार करावा, न परतणाऱ्या आवरणाचे दर महिन्याला त्याच काट्यावर वजन करावे आणि तो आकडा दरफलकाखाली खडूने लिहावा, वाढला असला तरीही.